मानेतून ‘कट्’ आवाज आला नाही, म्हणजे उपचार वाया गेला का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या बाईंचं वय अडतीस. काम बसून करायचं. पाच महिन्यांपासून मान दुखते, उजवीकडे वळवताना अडकते. डॉक्टरांनी तपासलं आणि घाबरण्यासारखं काही नसल्याचं सांगितलं. त्यानंतर त्या मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्या एका थेरपिस्टकडे जाऊ लागल्या. पहिल्याच दिवशी मान वळवून झटका दिल्यावर कडकड असे तीन-चार आवाज आले आणि मान मोकळी झाली. पुढच्या काही भेटींतही तसंच झालं. आराम दोन-तीन दिवस टिकायचा. गेल्या दोन भेटींत मात्र आवाज आलाच नाही. शेवटच्या भेटीत तर थेरपिस्टने एकापाठोपाठ चार झटके दिले, तरी नाही. त्या रात्री डोकं दुखलं आणि पुढचे दोन दिवस मान आखडून होती. ‘सांधा जाम आहे, अजून नीट बसलेला नाही,’ असं थेरपिस्ट म्हणतात. आता या बाई दिवसातून सात-आठ वेळा हनुवटी धरून स्वतःच मान मोडतात. त्या विचारतात: आवाज आला नाही म्हणजे उपचार वाया गेला का? आवाज हमखास काढणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे जाऊ का? आणि इतके आवाज काढून माझे मणके झिजतील का?

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. ‘आवाज आला नाही तेव्हा टेबलावर पडल्या पडल्याच मला कळलं, की आज काही बरं वाटणार नाही.’ म्हणजे तुम्ही अजून उठलाही नव्हता, मान वळवून पाहिली नव्हती, आणि निकाल लागून गेला होता. तुमचे तिन्ही प्रश्न या वाक्यातून निघतात, म्हणून मी इथूनच सुरुवात करते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कामाला लागले तेव्हा पहिली काही वर्षं मीही आवाजाच्या मागे असायचे. आवाज आला की पेशंटचा चेहरा खुलायचा आणि मलाही काहीतरी केल्यासारखं वाटायचं. नाही आला, की मी पुन्हा हात लावायचे. त्यामुळे तुमच्या थेरपिस्टने चार वेळा झटका का दिला हे मला समजतं. ते योग्य नव्हतं, असंही मला तितक्याच स्पष्टपणे म्हणायचं आहे. का, ते पुढे येईल.

आधी आवाज म्हणजे काय ते पाहू. मानेत सात मणके असतात. एकावर एक रचलेले हे मणके मागच्या बाजूने लहान लहान सांध्यांच्या जोड्यांनी जोडलेले असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. प्रत्येक सांध्याभोवती घट्ट पिशवी असते आणि तिच्यात थोडासाच चिकट द्रव, सांध्याचं वंगण. या द्रवात वायू विरघळलेला असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटकन एकमेकांपासून दूर ओढले गेले, की आतला दाब एकाएकी कमी होतो आणि द्रवात वायूची एक पोकळी तयार होते. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून सरळ वर ओढून पाहा. आधी त्या सुटता सुटत नाहीत आणि मग एकदम सुटतात. सांध्यातही बरंचसं असंच घडतं. बोटं मोडताना येणारा आवाज आणि मानेतला आवाज हे एकाच जातीचे आहेत.

गंमत अशी, की नेमका कोणत्या क्षणी हा आवाज होतो यावर शास्त्रज्ञ सत्तरहून अधिक वर्षं भांडत आहेत. 1947 साली लंडनमध्ये दोन संशोधकांनी बोटाचा सांधा ओढून त्याचे एक्स-रे काढले आणि पोकळी तयार होताना आवाज होतो असं मांडलं. 1971 साली लीड्समधल्या अभियंते-डॉक्टरांच्या गटाने ते उलटवलं. त्यांच्या मते तयार झालेला बुडबुडा कोसळताना आवाज होतो. 2015 साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोट एमआरआय यंत्रात ठेवून ओढलं आणि चालू चित्रण केलं. त्यात दिसलं, की आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होते आणि आवाज होऊन गेल्यावरही ती तशीच राहते. 2018 मध्ये आणखी एका गटाने गणित मांडून सांगितलं, की बुडबुडा अर्धवट कोसळला तरी असा आवाज येऊ शकतो. वाद चालू आहे. पण या कुणाच्याही मांडणीत हाड जागेवर बसल्याचा आवाज नाही. सगळा वाद वायूच्या बुडबुड्याचा आहे.

आता ‘सांधा बसलेला नाही’ या शब्दांकडे येऊ. आपल्या बोलण्यात मणका सरकतो, गादी सरकते, शीर चढते, सांधा उतरतो आणि बसतो. दुखणं सांगायला हे शब्द सोपे आहेत, पण त्यांच्यामुळे डोळ्यांसमोर एक चुकीचं चित्र उभं राहतं: वीट भिंतीतून बाहेर आली आहे आणि कुणीतरी ती ठोकून आत बसवायची आहे. हे चित्र जुनं आहे. 1895 साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट शहरात डॅनियल डेव्हिड पामर यांनी कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे मणक्यांवर हाताने उपचार करण्याच्या पद्धतीची सुरुवात केली ती याच कल्पनेवर, की मणका किंचित जागेवरून हलला की शरीरात रोग होतो आणि तो जागेवर बसवला की बरा होतो. ब्रिटनमध्ये या व्यवसायाचं नियमन करणाऱ्या परिषदेनेच 2010 साली सांगितलं, की ही कल्पना आता इतिहासात जमा आहे आणि आजाराचं कारण म्हणून तिला पुरावा नाही. 1998 साली कमरेखालच्या मोठ्या सांध्यावर हाताने उपचार करून आधी आणि नंतर हाडांची जागा अतिशय बारकाईने मोजली गेली. जागा बदललेली नव्हती.

म्हणून तुमचा कुठलाही मणका जागेवरून उतरलेला नाही आणि कुणी तो बसवण्याची वाट पाहत नाही. मणका खरोखर जागेवरून सरकला तर ती गंभीर गोष्ट असू शकते. तिच्यावर टेबलावर झोपवून झटके देत नाहीत, आधी डॉक्टरांकडे पाठवतात.

तुम्ही म्हणाल, मग मला बरं वाटलं ते खोटं होतं का? अजिबात नाही. झटक्याने सांध्याची पिशवी आणि भोवतीचे स्नायू एकदम ताणले जातात. तिथून मेंदूकडे आणि पाठीच्या मज्जारज्जूकडे संदेशांचा लोट जातो, आखडलेले स्नायू काही काळ सैल पडतात, दुखण्याची तीव्रता उतरते. शिवाय कुणीतरी आपल्या दुखऱ्या जागेला विश्वासाने हात लावला, आता बरं वाटेल अशी आपलीही अपेक्षा होती, याचाही त्यात खरा वाटा असतो. आपण सहसा उपचाराला जातो तेच दुखणं कळसाला पोचल्यावर, आणि कळसाला पोचलेलं दुखणं आपसूकही खाली येतं. हे सगळं त्या दिवशी एकत्र झालं. आवाजही त्याच क्षणी आला आणि श्रेय तो घेऊन गेला.

आपल्याकडे म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. संशोधनातही हेच दिसतं. 2003 आणि 2006 साली कंबरदुखीच्या रुग्णांवर झटक्याचा उपचार करून पाहिलं, तेव्हा आवाज आलेले आणि न आलेले यांच्या आरामात फरक सापडला नाही. 2011 साली जुनाट मानदुखी असलेल्या लोकांना पाठीच्या वरच्या मणक्यांवर झटका देऊन पाहिलं. तिथेही आवाजाने दुखण्यात फरक पडला नाही. आणि आवाज कुठून येतो हे तरी नक्की कुठे असतं? कॅनडात 2004 साली यंत्रांनी मोजलं, तेव्हा अनुभवी माणसांनी कमरेच्या ज्या मणक्यावर नेम धरला होता, त्यापासून सरासरी पाच सेंटिमीटर दूर आवाज झाला होता, म्हणजे निदान एक मणका सोडून. मानेच्या वरच्या भागावर झटका दिल्यावर एका झटक्यात सरासरी तीन-चार आवाज येतात आणि बहुतेकदा दोन्ही बाजूंनी येतात, हे 2013 च्या एका अभ्यासात नोंदलं आहे. तुमचे ‘तीन-चार कडकड’ म्हणजे सर्वसाधारण अनुभव आहे. अडकलेला एक विशिष्ट सांधा नेमका पकडून सोडवल्याची ती खूण धरता येत नाही.

आता पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात अशा एका गोष्टीकडे लक्ष वेधते. तुम्ही दिवसातून सात-आठ वेळा मान मोडता. एकदा आवाज आला, की त्याच सांध्यातून साधारण वीस मिनिटं पुन्हा आवाज निघत नाही. वायू द्रवात पुन्हा विरघळायला तेवढा वेळ लागतो. ही वीस मिनिटं लीड्सच्या त्याच 1971 च्या अभ्यासात बोटांवर मोजलेली आहेत, आणि बोटं मोडणाऱ्या कुणालाही हा अनुभव असतो. मला विचाराल तर गेल्या दोन भेटींत आवाज न येण्याचं कारण इतकंच साधं असू शकतं, की आत जायच्या थोडं आधी, वाट पाहत बसलेल्या असताना, सवयीने तुम्ही मान मोडली होती. दुसरं कारण, मागच्या वेळी आवाज आला नव्हता म्हणून या वेळी तुम्ही मान धरून ठेवली होती. झटक्याची वाट पाहणारे स्नायू झटक्याला विरोध करतात. यातलं काहीही असलं, तरी ‘सांधा जाम आहे’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आणि सांध्याची ती वीस मिनिटं भरलेली नसतील, तर एकापाठोपाठ चार झटके देण्याला अर्थ नव्हता. त्यातून मिळाली फक्त दोन दिवसांची आखडलेली मान.

त्या रात्रीच्या डोकेदुखीबद्दल मला नीट बोलायचं आहे, कारण हा भाग तुमच्यापुरता नाही.

मानेवर झटक्याचा उपचार झाल्यावर दिवसभरात थोडं दुखणं, आखडणं, हलकी डोकेदुखी, थकवा हे वारंवार दिसतं. जवळजवळ निम्म्या लोकांना यातलं काही ना काही होतं आणि एक-दोन दिवसांत जातं. तुमचंही तसंच गेलं, म्हणून मला आज तुमची घाई वाटत नाही. पण दुसरी एक गोष्ट आहे. ती क्वचित घडते, पण घडली तर आयुष्य उलथून टाकते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर चढतात आणि पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी वळण घेतात. आपण डोकं वळवतो त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं याच दोन मणक्यांमध्ये होतं. तिथे जोराने मान पिळली तर धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, गुठळी होऊ शकते आणि पक्षाघात येऊ शकतो. 2014 साली अमेरिकेतल्या हृदय आणि पक्षाघात संघटनांनी यावर निवेदन काढलं. मानेवरचे झटके आणि धमनीची चीर यांचा संबंध दिसतो, कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही, पण उपचाराआधी रुग्णाला हे सांगितलं गेलं पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. गुंता असा, की धमनीला आपोआप पडलेल्या चिरेचं पहिलं लक्षणच मानदुखी आणि डोकेदुखी असतं. माणूस त्या दुखण्यासाठी उपचाराला जातो आणि पक्षाघात नंतर येतो. कॅनडातल्या ओंटारिओत 2008 साली झालेल्या मोठ्या अभ्यासात असा पक्षाघात कायरोप्रॅक्टरच्या भेटीनंतर जसा दिसला, तसाच साध्या डॉक्टरांच्या भेटीनंतरही दिसला. म्हणून मी कुणालाही ‘झटका म्हणजे मरण’ असं घाबरवणार नाही. ‘यात काही धोका नाही’ असंही म्हणणार नाही. हा धोका तुम्हाला कुणी सांगितला होता का, एवढं मला विचारायचं आहे.

तुम्ही आणि हे वाचणारे बाकीचे, सगळ्यांनी एवढं लक्षात ठेवा. मानेत किंवा डोक्याच्या मागे पूर्वी कधी न झालेलं, अचानक आलेलं तीव्र दुखणं. चक्कर, तोल जाणं, एकाच्या जागी दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळायला त्रास. चेहऱ्याचा किंवा अंगाचा एक भाग बधिर होणं. एक पापणी खाली उतरणं. न थांबणारी उलटी. यातलं काहीही झालं, मानेवर उपचार झालेला असो वा नसो, तर त्याच क्षणी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि मानेवर झटका दिला असेल तर तेही तिथे सांगा. थेरपिस्टला फोन करून ‘हे नॉर्मल आहे का’ विचारण्यात वेळ घालवू नका.

काहींनी तर मानेवर झटका घेऊच नये. संधिवाताभ (ज्यात सांधे सुजतात तो संधिवात), हाडं ठिसूळ झालेली, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले, नुकताच मार बसलेला, सांधे जन्मतःच फार लवचीक असलेले लोक यात येतात. बटण लावताना हात अडखळणं, चालताना पाय लटपटणं, लघवीवर ताबा न राहणं यातलं काही असेल तर मज्जारज्जूवर दाब आहे का हे डॉक्टरांनी आधी पाहायला हवं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आवाज हमखास काढणारा माणूस शोधू का? माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. आवाज हमखास काढण्यासाठी जास्त जोर, जास्त पीळ आणि जास्त प्रयत्न लागतात, आणि यातल्या प्रत्येकाने फायदा वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. शोधायचाच असेल तर असा माणूस शोधा, जो हात लावण्याआधी दहा मिनिटं प्रश्न विचारतो: आजार कोणते, गोळ्या कोणत्या, कधी चक्कर येते का, हाताला मुंग्या येतात का. जो झटका देण्याआधी दर वेळी तुमची परवानगी घेतो आणि ‘आज नको’ म्हटलं तर चेहरा पाडत नाही. जो पहिल्याच भेटीत सांगतो, की अमुक इतक्या भेटींत फरक पडला नाही तर आपण हा मार्ग सोडू. आणि जो तुम्हाला घरी करायला काहीतरी देतो. तुमच्या पत्रात घरी करायच्या व्यायामाचा एकही शब्द नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. इतके पैसे आणि फेऱ्या खर्ची पडल्या आणि तुमच्या हातात काही दिलं गेलं नाही.

झटक्याशिवाय उपचार होत नाही असंही नाही. मोबिलायझेशन नावाची पद्धत आहे. यात सांधा हळूहळू, तालात, तुम्हाला हवं तिथे थांबवता येईल अशा रीतीने हलवतात. तिच्यात आवाज येत नाही. 2010 साली मानदुखीच्या 182 रुग्णांना झटका आणि मोबिलायझेशन असं वाटून दिलं, तेव्हा दोन्ही गट साधारण सारख्याच वेळात बरे झाले. 2015 साली कॉक्रेन या संस्थेने 51 चाचण्या एकत्र अभ्यासल्या, तिथेही दोन्ही पद्धती उन्नीस-बीसच निघाल्या. आणि 2012 सालचा अमेरिकेतला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. 272 मानदुखीचे रुग्ण. एका गटाला झटक्यांचा उपचार, दुसऱ्याला औषधं, तिसऱ्याला घरी करायचे व्यायाम आणि सल्ला. झटके औषधांपेक्षा सरस ठरले, पण ज्यांनी घरीच व्यायाम केला तेही झटके घेणाऱ्यांइतकेच सुधारले. सगळं आपल्याच हातांनी करण्याची माझ्या धंद्याची सवय मोडणारा तो अभ्यास होता. आवाजाच्या मागे लागणं मी सोडलं ते असे निकाल वाचून आणि माझ्याच पेशंटांकडे नीट पाहून. जे महिन्यांनी भेटल्यावरही बरे दिसत, ते बहुतेक व्यायाम करणारे असत.

झीज होईल का? बोटांच्या बाबतीत उत्तर दिलासा देणारं आहे. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पन्नास वर्षं रोज फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्या हाताची नाही. 1998 साली त्यांनी लिहून कळवलं, की दोन्ही हातांत संधिवात नाही. एका माणसाने काही सिद्ध होत नाही, पण नंतर मोठ्या संख्येने लोकांचे हात तपासले तेव्हाही बोटं मोडणं आणि हाताची झीज यांचा संबंध सापडला नाही. मान वळवताना येणारा करकर, वाळू घासल्यासारखा आवाज वेगळा. तो दर वेळी येतो, वीस मिनिटं थांबत नाही. दुखत नसेल तर त्याचीही चिंता करू नका, वयाबरोबर तो अनेकांना येतो.

तुम्ही जे करता त्यात मला खटकतं ते आवाज नाही, हात आहेत. मान आपोआप वळवताना एखादा कट् आला तर येऊ द्या. पण हनुवटी आणि डोकं हातांनी धरून झटका देणं आजपासून थांबवा. हाताच्या जोराने तुम्ही मान तिच्या स्वतःच्या मर्यादेपलीकडे नेता, आणि स्वतःच्या हाताने अशी मान मोडून धमनीला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शिवाय माझ्या पाहण्यात, अशी मान मोडणाऱ्यांचे जे सांधे आधीच सैल असतात तेच पुन्हा पुन्हा वाजतात. अडकलेला भाग तसाच राहतो. म्हणूनच आराम थोडा वेळ टिकतो आणि तासाभरात पुन्हा हात हनुवटीकडे जातो.

हात हनुवटीकडे जाईल तेव्हा त्याला दुसरं काम द्या. तळहात कपाळाच्या उजव्या बाजूला टेकवा आणि डोक्याने हाताला हलकंसं ढकला, मान मात्र जागची हलू देऊ नका. दहा आकडे मोजा. मग डावीकडे, मग मागे. पुष्कळांना मोडण्यातून मिळतो तसाच सैलपणा यातून मिळतो. पहिला आठवडा चुकल्यासारखं वाटेल. ते सवय सुटण्याचं लक्षण आहे, मान बिघडल्याचं नाही.

रोजचं काम यापेक्षा थोडं जास्त. पाठीवर झोपून, डोकं न उचलता, ‘हो’ म्हणताना हलते तितकीच हनुवटी आत घ्या, सात-आठ सेकंद धरा, दहा वेळा. बसून मान डावी-उजवी, दुखायला लागतं त्याच्या किंचित आधीपर्यंत, दहा-दहा वेळा. आणि खांद्यांना ताकद. इथे लोकांना वाटतं जिम लावावी लागेल. डेन्मार्कमध्ये मान-खांदा दुखणाऱ्या 198 कार्यालयीन कर्मचाऱ्यांना रबरी पट्टी दिली होती. हात बाजूने वर उचलायचे, दिवसाला फक्त दोन मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, दहा आठवडे. दुखणं कमी झालं. बारा मिनिटं करणाऱ्यांचंही झालं, पण दोन मिनिटंवाल्यांचंही झालं. तुम्ही आठ तास बसता, त्यातली दोन मिनिटं काढाच. सुरुवातीला व्यायामाने थोडं दुखेल. दुसऱ्या दिवसापर्यंत उतरलं तर चालू ठेवा, वाढत गेलं तर वेळा निम्म्या करा.

खुर्ची, स्क्रीन, उशी यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही आणि मीही फार बोलणार नाही. आदर्श बसणं असं काही नसतं. अर्ध्या तासाने बसण्याची पद्धत बदला, उठून उभ्या राहा.

आता मोजमाप. आवाजाचं माप टाकून द्यायचं तर हातात दुसरं काही हवं, नाहीतर मन पुन्हा तिकडेच जाईल. मानेमुळे जमत नाहीत अशा तीन गोष्टी कागदावर लिहा. तुमच्या पत्रातून मला दोन दिसतात: उजव्या खांद्यावरून मागे वळून पाहणं, आणि उजव्या कुशीवर झोप लागणं. तिसरी तुम्ही शोधा. प्रत्येकीपुढे शून्य ते दहा असा आकडा लिहा. शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखं जमतं. दर रविवारी एकदाच लिहा. रोज लिहू नका, रोजचे चढउतार पाहून जीव थकतो.

सध्याच्या थेरपिस्टना सोडायलाच हवं असं मी म्हणत नाही. आधी बोलून पाहा. ‘मागच्या वेळी मला दोन दिवस त्रास झाला. मानेवर झटका नको, हलक्या हाताने काय करता येईल ते करा आणि घरी करायचे व्यायाम लिहून द्या.’ इतकंच सांगा, समजावत बसू नका. ‘मग गुण येणार नाही’ किंवा ‘सांधा बसवल्याशिवाय उपाय नाही’ असं उत्तर आलं, तर तिथून निघून या. आणि ‘बरं, तसं करू’ म्हणाले तर पुढच्या तीन-चार भेटी द्या.

सहा आठवड्यांत कागदावरचे आकडे हलले नाहीत, किंवा दुखणं हातात उतरू लागलं, मुंग्या किंवा अशक्तपणा आला, रात्री दुखण्याने जाग येऊ लागली, ताप किंवा कारण नसताना वजन घटणं असं काही दिसलं, तर आधी ज्या डॉक्टरांनी तपासलं होतं त्यांच्याकडे पुन्हा जा. पाच महिन्यांपूर्वीचं ‘घाबरण्यासारखं काही नाही’ हे त्या दिवसाचं उत्तर होतं. आकडे हलले, तर मला ते कळवा. तुमची तिसरी गोष्ट कोणती निघाली, हेही लिहा.